खाली यायच्या बाजूची नळी

ट्रॅक्टरची बकेट वर होती आणि मी खाली वाकून कडेला राहिलेलं खत खोऱ्यानं ओढत होते. तेवढ्यात शर्टाला असा हिसका बसला की मी बाजूला जाऊन पडले. धुरळा बसला तेव्हा दिसलं, बकेट जमिनीवर आहे, माझ्या खोऱ्याचा दांडा मधोमध मोडून तिच्याखाली गेलाय आणि साडीवरून घातलेल्या शर्टाची एक बाही तिच्या दातांत अडकून राहिली आहे. बाहीतला हात मात्र माझ्याजवळ होता. तो मी दोनदा चाचपून बघितला.

"त्रिशला!" मामा ट्रॅक्टरवरून ओरडले. एवढ्या मोठ्यानं ओरडलेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

मामा म्हणजे माझे सासरे. कागदावर आदगोंडा पाटील, गावाचे आप्पा, माझे मामा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या आणि हा लाल ट्रॅक्टर होता. दोन्हींची सवय करून घ्यावी लागली. ट्रॅक्टर तेव्हाच म्हातारा झालेला, कुणीतरी वापरून सोडलेला. मामांनी तो आणून स्वतःच्या हातानं उभा केला आणि पुढं मिरजेतल्या एका वर्कशॉपात बकेटीचा लोडर करून त्याच्या तोंडाला बसवून घेतला. उकिरडा उपसायचा, ट्रॉली भरायची, द्राक्षबागेच्या चरीत खत टाकायचं, सगळं त्याच्यावर. सीटवर मामा आणि बकेटीच्या पुढं खोरं घेऊन घरातलं एक माणूस, कारण बकेट कितीही शहाणी असली तरी कडेचं खत सोडते. ते ओढून तिच्या तोंडात घालावं लागतं. आमच्या भागात सगळेच असं करतात. पुढचं माणूस बहुतेक बाई असते, तेही सगळीकडे तसंच.

बागेतून हे पळत आले. हे म्हणजे शीतल, माझा नवरा. आमच्या जैनांत शीतल पुरुषांचंही नाव असतं, पण नावासारखा स्वभाव असतोच असं नाही. मी उठून उभी आहे, रक्त कुठं नाही, हे बघितल्यावर ते वळले ते वडलांवरच.

"हात कापला न्हवं तुमचा लिव्हरवर? किती दिवस सांगालोय, आप्पा, बस झालं आता म्हणून!"

"लिव्हरला हात नव्हता माझा," मामा म्हणाले. ते अजून सीटवरच होते आणि चेहरा राखेसारखा झाला होता. "बकेट वर घेतली, जरा खाली घेऊन थांबवली आणि हात काढला. मग ती आली."

"आपोआप?"

"आपोआप."

"बकेटीला काय जीव हाय काय? त्रिशला, तू बघितलंस न्हवं?"

"माझी पाठ होती," मी म्हणाले. खरं तेच होतं. मला खत दिसत होतं आणि माझे पाय दिसत होते.

हात थरथर कापण्याचं हे प्रकरण आधीपासूनचं. एका लग्नात मामांच्या बशीतला चहा त्यांच्या धोतरावर सांडला होता. पंगतीत धक्का लागून कुणाचाही सांडतो. पण त्या दिवसापासून ह्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं. मामांनी भांडं उचललं की हे बघायचे. मामा गेट उघडायला लागले की हे कडीकडं बघायचे. माणूस शोधायला लागला की त्याला सापडतंच. मला विचाराल तर मामांचा हात माझ्या हातापेक्षा थिर होता. पण मला कुणी विचारत नव्हतं आणि बकेट पडल्यावर मीही मनात म्हटलं, न जाणो, कापलाही असेल. माझ्या अंगावर आली होती ती. भीती वाटल्यावर माणूस न्यायानं विचार करत नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून दस्तगीर मिस्त्री आला. त्यानं इंजिन चालू केलं, बकेट वर-खाली केली, पुन्हा वर-खाली केली. नळ्यांवरून हात फिरवला, कुठं तेल गळतंय का बघितलं, बकेट उचलणाऱ्या जॅकच्या दांड्या पुसून बघितल्या. बकेट शाळेतल्या पहिल्या नंबरच्या पोरीसारखी सांगेल तिथं थांबत होती.

"पाटील, मशीनला काय झालेलं न्हाई," दस्तगीर म्हणाला आणि मामांकडं न बघता पाने-पकडी गोळा करायला लागला. त्यालाही वाईट वाटत होतं.

त्या संध्याकाळी जेवताना ह्यांनी विषय काढला. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळं सगळं बोलणं उजेडात होतं आणि तोंड लपवायला जागा नसते.

"आप्पा, आता सीटवर बसायचं न्हाई तुम्ही. मी बसणार."

"बकेट आपोआप आली."

"दस्तगीर काय म्हणाला, ऐकलंसा की तुम्ही."

"त्यानं वरनं बघितलं. मी उघडून बघतो. सापडलं तर मी बसीन. न्हाई सापडलं तर सोडीन. पुन्हा ट्रॅक्टरचं नाव घेणार न्हाई."

"शबूद?"

"शबूद."

मला मामांची कीव आली आणि रागही आला. ट्रॅक्टर सोडला तर त्या माणसाकडं दुसरं होतं तरी काय? देवळात जायचे, पण घटकाभर. पत्ते खेळायचे नाहीत, कट्ट्यावर बसायचे नाहीत. ट्रॅक्टरवर बसले की गावातला कुणीही हात करायचा, "आप्पा, आमची एक ट्रॉली भरा की," आणि मामांचा दिवस सुरू व्हायचा. सीटवरून खाली उतरवलं की ते नुसते म्हातारे होणार होते. हे ह्यांनाही दिसत असणार. पण बायको बकेटीखाली जाता जाता वाचलेली बघितल्यावर ह्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, आणि त्यातही त्यांचं चूक नव्हतं.

दोन दिवसांनी हे बेदाण्याच्या सौद्याला तासगावला गेले. पोरं शाळेला. म्हशींचं आवरून मी जरा भिंतीला टेकले होते. त्या उन्हाळ्यात मी इतकी दमले होते की टेकलं तिथं डोळा लागायचा. द्राक्षं उतरवून झाली, बेदाण्याचं शेड आवरून झालं, आता वेलींच्या खरड छाटणीच्या आत चरीत खत पडायला पाहिजे होतं. शरीर नको नको म्हणत होतं.

"त्रिशला, जरा पाना धरतीस काय?" मामा दारात उभे होते.

कुणीतरी धरायला पाहिजेच होता. मी उठले.

मामांनी आधी तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काळं होतं पण दुधासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. मग त्यांनी बकेटीत दगड भरायला लावले. दगड भरले मीच, हे सांगायला नको. बकेट अर्ध्यावर उचलून त्यांनी इंजिन बंद केलं आणि जॅकच्या दांडीवर खडूनं रेघ मारली.

"आता काय करायचं?"

"बसायचं. जॅकातलं सील गेलं असंल तर रेघ सरकंल."

आम्ही सावलीत बसलो. मी तिथंच डुलकी काढली. उठले तेव्हा रेघ होती तिथंच होती. मामा तिच्याकडं बघत बसले होते आणि पापणी लवली असेल असं वाटत नव्हतं.

"म्हंजे जॅक चांगला हाय," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. चांगलं निघत गेलं की त्यांचं वाईट होत जाणार होतं.

मग इंजिन चालू करून त्यांनी तेल तापू दिलं. दस्तगीरनं गार मशीन बघितलं होतं. मामा म्हणाले, त्या दिवशी सकाळपासनं काम चाललं होतं, तेल पातळ झालेलं. त्यांनी किती वेळा बकेट वर-खाली केली मला माहीत नाही. प्रत्येक वेळी लिव्हर सोडून दोन्ही हात वर धरायचे. बकेट प्रत्येक वेळी थांबली. शेवटी ते हात वर धरून तसेच बसून राहिले. मला बघवेना.

"मामा, जाऊ दे. असू दे."

"काय असू दे?"

"एखाद्या वेळी होतं माणसाचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला बी तसंच वाटतंय व्हय?"

मी पाना पुसायला लागले. त्यांनी इंजिन बंद केलं, बकेट जमिनीला टेकवली, लिव्हर पुढं-मागं हलवून नळ्यांतला जोर काढून टाकला आणि लोडरच्या हातांखाली दोन ओंडके सरकवले. "आता व्हॉल्व्ह उघडतो," म्हणाले. "त्यातबी काय न्हाई निघालं तर संपलं."

व्हॉल्व्ह म्हणजे लिव्हरच्या खालचा लोखंडी ठोकळा. त्याच्यात एक गुळगुळीत दांडी असते. लिव्हर हलवली की दांडी सरकते आणि तेलाला वाट देते, कधी वर जायची, कधी खाली यायची. लिव्हर सोडली की दांडी मध्ये येऊन बसते आणि दोन्ही वाटा बंद. हे मला मामांनी त्या दिवशी सांगितलं. इतकी वर्षं मी त्या बकेटीपुढं उभी राहत होते आणि तिला वर कोण धरून ठेवतं ते मला ठाऊक नव्हतं.

पोत्यावर ठोकळा ठेवून मामांनी ती दांडी हळूहळू बाहेर ओढली. माझ्या त्या फाटक्या शर्टाच्या चिंधीनं पुसली. मग ठोकळ्याच्या आत करंगळी घालून फिरवली. बाहेर आली तेव्हा करंगळीच्या टोकाला काहीतरी काळं चिकटलं होतं, वांग्याच्या सालीच्या तुकड्याएवढं.

"ह्ये काय?" मी विचारलं.

त्यांनी ते दोन बोटांत चुरडलं, नखानं ओरखडलं. "रबर."

"ह्याच्यात रबर कुठनं आलं?"

"नळीतनं. दुसरं कुठनं येणार?" आता त्यांचा आवाज बदलला होता. "बग, हा तुकडा दांडीच्या आड आला. मी लिव्हर सोडली, लिव्हर तिच्या जागी आली, कारण तिच्या सांध्यात ढिलेपणा हाय. पण आतली दांडी मधी येऊन बसलीच न्हाई. खाली यायची वाट जराशी उघडी राहिली. तेल गेलं, बकेट आली. मग पुन्हा लिव्हर हलवल्यावर तुकडा सरकला, सगळं ठीक. दस्तगीरला काय दिसणार, कप्पाळ?"

ते हसले. तोंडाला तेल, मिशीला ग्रीस, आणि पोरासारखे हसले. "सापडलं, त्रिशला! माझा हात न्हवता!"

मलाही हसू आलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त बरं वाटलं. मी ज्याच्यापुढं रोज वाकून उभी राहते त्या माणसाचा हात थिर आहे, हे कळल्यावर अंगातला निम्मा शीण उतरला.

"पण नळी कुठली ते बघाय पाहिजे," मामा म्हणाले. "एवढा तुकडा निघालाय म्हंजे मागं आणखी असणार."

त्यांनी एकेक नळी सोडवली आणि मला फुंकर मारायला लावली. तोंडात तेलाची ती कडवट चव अजून आठवते. पहिली साफ. दुसरी, तिसरी साफ. चौथी खाली यायच्या बाजूची, म्हणजे बकेट उतरताना जिच्यातून तेल जॅकात जातं ती. तिच्यात मी एका टोकातून फुंकलं तर वारं गेलं. उलट बाजूनं फुंकलं तर गाल फुगले, वारं जाईना.

"हीच," मामा म्हणाले. "आतलं अस्तर सुटून लोंबतंय. बकेट वर जाताना हिच्यातलं तेल मागं व्हॉल्व्हात येतं, ते तुकडे घेऊन येतंय." पण म्हणता म्हणता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "चांगल्या नळीचं अस्तर असं सुटत न्हाई."

त्या नळीला घासू नये म्हणून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती आणि टोकाला तारेनं बांधली होती. बागेत वेली बांधायला वापरतो तीच बारीक तार. मामांनी पक्कड घेतली, तारेचा पीळ उलगडायला पक्कड फिरवली आणि थांबले. मग उलटीकडं फिरवली. पीळ सुटला.

ते मीही बघितलं. आमच्या घरात बागेची तार सगळेच बांधतात. पण उलटा पीळ एकाच माणसाचा येतो. हे डावरे आहेत.

पट्टी उलगडली. आत पिवळी नळी होती. फवारणीची. बागेत ब्लोअरला लावतात ती, औषधाचा जोर सोसणारी, पण तेलासाठी नसलेली. तेलात ती आतून फुगते, सुटते, सडते. आमच्या गोठ्याच्या मागं तिचं अख्खं भेंडोळं पडलेलं असायचं. नळी फुटली, हाताशी फवारणीची नळी आहे, तीच मापानं कापून बसवावी, हे बागायतदारालाच सुचणार.

मामा पोत्यावर बसले.

"दिवाळीत फुटली होती न्हवं ही?" त्यांनी विचारलं. "मी यात्रेला गेलतो तवा?"

"व्हय. दुकानं बंद होती. नळी बदलली म्हणाले."

"जोर कमी असतो ह्या बाजूला. म्हणून इतके दिवस टिकली. तात्पुरती बसवली असणार, मग राहून गेलं."

"राहून गेलं," मी म्हणाले.

इतका वेळ मी दमलेली होते. आता मला संताप आला. गेले तीन-चार दिवस ह्या म्हाताऱ्या माणसाला घरात चोरासारखं वागवलं होतं. "येऊ देत आता घरी. ही नळी त्यांच्या ताटाशेजारी ठेवते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेत!"

"ठेवू नगोस."

"का?"

मामांनी ती पिवळी नळी मांडीवर घेतली होती. "त्याला कळलं तर काय हुईल?"

"कळू दे की! तुम्ही सीटवर बसाल. शबूद झालाय तुमच्या दोघांत."

"मी किती दिवस बसणार? दोन वर्षं? चार? ट्रॅक्टर त्याला चालवायचाय. त्याला कळलं की आपल्या हातानं बसवलेल्या नळीनं आपली बायको मेली असती, तर तो पुन्हा पान्याला हात लावायचा न्हाई. लावला तरी भीत भीत. आपल्या हाताची भीती बसलेला माणूस मशीनवर लई वाईट. माझ्या ओळखीत झालंय तसं. आणि तो तसा हाय. वरनं ओरडतो. आतनं लई हळवा हाय. त्याची आई गेली तवा म्हैना-म्हैना बोलला न्हवता."

"आणि मी?" माझा आवाज चिरकला. "माझ्यावर आली होती ती, मामा. मला कुणी काय विचारणार हाय का न्हाई?"

"तुझ्यावर आली म्हणूनच सांगालोय. माझ्यावर आली असती तर मीच त्याला चार शिव्या घातल्या असत्या." मग ते माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "पण बोलायचा हक्क तुझा हाय. तू सांगणार असशील तर सांग. मी ना म्हणणार न्हाई. तुझं ऐकूनच काय ते करीन."

एवढं बोलून ते उठले. पिवळी नळी त्यांनी बोटबोटभर कापली आणि तुकडे भंगाराच्या पोत्यात तळाशी घातले. माझ्यासाठी त्यांनी एक तुकडाही वर ठेवला नाही, पण मला गप्प बस असंही म्हणाले नाहीत. मग स्कूटर काढून मिरजेला गेले आणि खरी, तेलाची नळी टोकांना जोड दाबून बसवून घेऊन आले. तोवर मी पेट्रोलनं ठोकळा धुऊन ठेवला होता. दोघांनी मिळून सगळं परत बसवलं. चांगल्या फडक्यातून गाळून तेल भरलं.

शेवटी मामा ट्रॅक्टरवर बसले. दगडांनी भरलेली बकेट त्यांनी वर नेली, थांबवली, खाली आणली. मग विनाकारणच ट्रॅक्टर घेऊन ते बांधापर्यंत गेले, तिथून वळून आले, पुन्हा एकदा बकेट उचलली, ठेवली. काही बघायचं राहिलं नव्हतं. मी दगड उतरवायची वाट बघत उभी होते आणि मला वाटलं, हे काय चाललंय उगीच, ऊन किती आहे. ते कशासाठी चाललं होतं हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

ह्यांचा सौदा चांगला झाला होता. हात-पाय धुऊन जेवायला बसले, पोरांना काहीबाही विचारलं आणि मग मुद्द्यावर आले.

"मग, सापडलं काय आप्पा?"

"न्हाई."

"सगळं उघडून बघितलंसा?"

"सगळं. एक नळी जुनी झालती, ती बदलून टाकली. बाकी सगळं ठीक हाय."

"म्हणजे..."

"म्हणजे माझाच हात. ठरलंय तसं. उद्यापास्नं तू बस."

भांडायची तयारी करून आलेल्या माणसापुढं भांडणच नसलं की तो कसा गोंधळतो, तसे हे गोंधळले. घास हातातच राहिला. "आप्पा, मी काय तुमच्या वाइटासाठी म्हणत न्हवतो..."

"ठावं हाय रे. जेव."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. दिवसभर मी पाना धरून उभी होते हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या नखांत अजून ग्रीस होतं. "तू होतीस की. तुला काय वाटतं?"

मामा ताटाकडं बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. सगळं माझ्या जिभेवर होतं, पिवळ्या रंगासकट. ह्यांचा चेहरा बघितला. डोळ्यांखाली काळं आलेलं, गाल बसलेले. त्या दिवसापासून ह्यांना रात्री झोप नव्हती, मधूनच उठून माझ्या दंडाला हात लावून बघायचे. नवरा काय, सासरा काय, आपलेच दात नि आपलेच ओठ.

"भाकरी वाढू काय?" मी विचारलं.

मग भाकरी वाढता वाढता मी म्हणाले, "एक मात्र सांगते. ट्रॅक्टरवर कुणी का बसेना, आजपास्नं बकेटीच्या पुढं माणूस उभं राहायचं न्हाई. मी न्हाई आणि गड्याची बायको बी न्हाई. कडेचं राहिलं तर राहू दे."

"बरं," हे म्हणाले. इतक्या पटकन 'बरं' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मामांनी पाण्याचा तांब्या उचलला. तो हलला. पाणी त्यांच्या ताटात सांडलं, भाकरी भिजली. ह्यांनी पटकन हात पुढं करून तांब्या धरला आणि "असू द्या आप्पा, मी ओततो" म्हणाले. त्या आवाजात एवढी माया होती की मी चुलीकडं तोंड केलं. मामांचा हात कापताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून हे लोडरवर बसले. चांगले चालवायला लागले, लवकरच वडलांपेक्षा चांगले. मामा द्राक्षाचं क्रेट पालथं घालून उकिरड्याच्या कडेला बसायचे आणि कुणी बकेटीच्या पुढं पाय टाकला की काठी आपटून ओरडायचे. गावातले विचारायचे, "आप्पा, सोडला काय ट्रॅक्टर?" मामा उजवा हात पुढं करून दाखवायचे. "कापतोय बघा." लोक च् च् करायचे आणि निघून जायचे. लोडरनं ट्रॉली भरून मागायला आता ते ह्यांच्याकडं यायचे.

मला कधी कधी भयंकर राग यायचा. वाटायचं, जाऊन सांगून टाकावं. ह्यांना नव्हे, निदान कट्ट्यावरच्या त्या च् च् करणाऱ्यांना. मामांना घरात सगळं मिळत होतं, ह्यांचं तर वडलांवर आधीपेक्षा जास्त लक्ष होतं. कप अर्धाच भरायचा, भाकरी कुस्करून द्यायची, धोतराचा सोगा हेच खोचून द्यायचे. पण दिवसभर क्रेटवर बसलेला तो माणूस झपाट्यानं म्हातारा होत गेला. मामांनी मला एकदा तरी म्हणावं, पोरी, जड जातंय, असं वाटायचं. म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. आम्ही दोघं ते ओझं दोन टोकांनी धरून चाललो होतो आणि खाली ठेवायला जागा नव्हती.

आता मामा नाहीत. हे अजून पाहुण्यांना सांगतात, आमच्या आप्पांचा हात शेवटी शेवटी फार कापायचा, मी वेळेवर ट्रॅक्टर काढून घेतला म्हणून बरं. मी चहा घेऊन येते, ठेवते, आत जाते.

मला मामांची एकच दुपार सारखी आठवते. उन्हाळाच होता. मी ओट्यावर ह्यांच्या शर्टाला बटण लावायला बसले होते. डोळ्यांना नुकतं कमी दिसायला लागलेलं, दोरा काही सुईत जाईना. थुंकी लावून, पिळून, उजेडाकडं धरून दमले.

"आण हिकडं," मामा म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सुई डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं दोरा पहिल्याच खेपेला आरपार घातला. सुई माझ्याकडं देताना जराही हलली नाही. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही हसलो.

तेवढ्यात फाटकातून ह्यांची मोटारसायकल आत आली. मामांनी चष्मा खाली घेतला, उजवा हात मांडीवर ठेवला आणि तो थरथरवायला सुरुवात केली.